तपासलेली उत्तरपत्रिका

आपल्या घरांत येणाऱ्या कागदांपैकीं सर्वांत अल्पायुषी कागद कोणता, असें कोणीं विचारलें तर आम्ही तपासलेल्या उत्तरपत्रिकेचें नांव घेऊं. लग्नाची आमंत्रणपत्रिका निदान कार्य उरकेपर्यंत देवापाशीं राहते. विजेचें बिल पुढचें बिल येईपर्यंत तारेला अडकवून ठेवलेलें असतें. उत्तरपत्रिका मात्र घरीं आली कीं तिच्या पहिल्या पानावरील वर्तुळांतला आंकडा वाचला जातो, तो पाहून कोणी हंसतो, कोणी कपाळाला आठी घालतो, पालकांची सही होते, आणि दुसऱ्या दिवशीं ती शाळेच्या कपाटांत किंवा घरच्या रद्दींत जाऊन पडते. आंतलीं पानें कोणी उलटीत नाहीं. ज्या मुलानें तीं लिहिलीं तें मूल सुद्धां उलटीत नाहीं.

वास्तविक पाहतां मुलाच्या मनांत वर्षभर काय शिरलें, कोठें अडलें आणि कोठें वाकडें वळलें याचा इतका विश्वसनीय पुरावा दुसरा मिळणें कठीण. वर्गांत मान डोलावणारें मूल आपणांस समजलें आहे असा भास उत्पन्न करूं शकतें. कागदावर तो भास टिकत नाहीं. अध्यापनाच्या व्यवसायांत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं असल्यामुळें अशा पत्रिका आमच्या हातांखालून शेंकड्यांनीं गेल्या आहेत, आणि त्या वाचतां वाचतां आमचें एक मत दृढ होत गेलें आहे. पत्रिका तपासून गुण मांडले म्हणजे परीक्षेचा अर्धाच भाग झाला असें आम्ही समजतों. उरलेला आणि अधिक मोलाचा अर्धा भाग, मुलानें स्वतः आपल्या चुकीकडे परत जाऊन ती कां झाली हें शोधण्याचा आहे. आणि नेमका तोच आपण सोडून देतों.

एक साधें उदाहरण घेऊं. ४०२ मधून १७८ वजा करावयाचे आहेत. बरोबर उत्तर २२४. तीन मुलांचीं उत्तरें चुकलीं: पहिल्याचें ३७६, दुसऱ्याचें ३३४ आणि तिसऱ्याचें २२५. तिघांच्याहि उत्तरांवर सारखीच तांबडी फुली बसते आणि तिघांसहि सारखेंच शून्य मिळतें. पण क्षणभर थांबून पाहिलें तर काय दिसतें? पहिल्यानें प्रत्येक घरांत लहान अंक मोठ्या अंकांतून वजा केला आहे. आठांतून दोन, सातांतून शून्य, चारांतून एक. लहानांतून मोठें जात नाहीं, हें त्याला कोणीं तरी एकदां सांगितलें होतें, आणि त्यानें तें इतक्या निष्ठेनें पाळलें कीं वरचा अंक कोणता आणि खालचा कोणता याचा विचारच त्याला उरला नाहीं. दुसऱ्यानें शेजारच्या घरांतून दहा उसने घेतले, पण ज्या घरांतून घेतले तेथून ते कमी केले नाहींत. तिसऱ्याला सर्व रीत अवगत आहे. बारांतून आठ गेले कीं चार उरतात, एवढेंच त्याचें ऐन वेळीं चुकलें. या तिसऱ्याला 'जरा सावकाश' इतकें सांगणें पुरे. दुसऱ्यापुढें काड्यांचे गठ्ठे सोडून बसावें लागेल. पहिल्याला वजाबाकी म्हणजे काय हेंच पुन्हा मुळापासून शिकवावें लागेल. तीन निरनिराळ्या दुखण्यांवर एकच पुडी देणाऱ्या वैद्याच्या दारांत आपण पुन्हा पाऊल टाकणार नाहीं. परंतु तिघांनाहि 'हीं गणितें पुन्हा सोडवून आणा' असें सांगणाऱ्या शिक्षणाविषयीं आपली कांहीं तक्रार नसते. १९७८ सालीं ब्राउन आणि बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनीं वजाबाकीच्या अशाच चुकांचा बारकाईनें अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या पुष्कळशा चुका बेपर्वाईतून होत नसून, एखादा चुकीचा नियम तीं मोठ्या इमानानें पाळीत असल्यामुळें होतात, असें त्यांत दिसून आलें.

पुन्हा, चुकीचें मूळ दर वेळीं मुलांतच असतें असेंहि नाहीं. 'पंचवीस' हा शब्द ऐकून ५२ लिहिणारें मूल प्रत्येक शिक्षकानें पाहिलेलें असतें. आपल्या भाषेंत पांच आधीं उच्चारले जातात आणि वीस मागून येतात. लिहितांना मात्र विसांचा दोन आधीं मांडावा लागतो. मूल कानाचें ऐकतें आणि फसतें. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस एक, वीस दोन' अशी संख्या वाचण्याची रीत आली, तेव्हां महाराष्ट्रांत केवढा गदारोळ उठला हें वाचकांस आठवत असेल. त्या वादांत बाजू कोणाची बरोबर, हा प्रश्न येथें आमच्यापुढें नाहीं. आम्हांला त्यांतली एकच गोष्ट मोलाची वाटली. जोडाक्षरांपाशीं आणि उलट्या क्रमापाशीं अडखळणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणून बाजूस न सारतां, तें कां अडखळतें असें विचारण्याची बुद्धि कोणाला तरी झाली.

शुद्धलेखनाची कथा याहून निराळी नाहीं. मुलानें 'आशिर्वाद' असें लिहिलें कीं 'आशीर्वाद' हा शब्द दहा वेळां लिहून आणण्याचा दंड पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. हा दंड मुलें कसा भरतात तेंहि पाहण्यासारखें असतें. आधीं एकाखालीं एक दहा 'आ' काढले जातात, मग त्यांच्यापुढें दहा 'शी', मग दहा 'र्वा', आणि शेवटीं दहा 'द'. अशा उभ्या रांगा भरल्या कीं काम उरकलें. हात राबला, मन खेळायला गेलें. तूं शि ऱ्हस्व कां लिहिलीस, असें त्याला कोणींच विचारलेलें नसतें. विचारलें असतें तर त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें असतें कीं, बोलतांना मला दोहोंत फरक ऐकूं येत नाहीं. तें खरेंच आहे. आपल्या नित्याच्या बोलण्यांत तो फरक फारसा उरत नाहीं. तेथें कानाची साक्ष कुचकामाची ठरते आणि शब्द डोळ्यानेंच ओळखावा लागतो. एवढी एक गोष्ट उमगली तर ती दहा शब्दांच्या उपयोगीं पडेल. शिवाय बरोबर काय आणि चूक काय हें ठरविणारे नियमहि बदलतात. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनीं मराठी लेखनांतून गेले. आमच्या लेखणीनें ते अजून सोडलेले नाहींत; परंतु आज एखाद्या मुलाच्या वहींत ते पडले तर त्यांवर तांबडी खूण होईल, आणि त्याच्या पणजोबांच्या वहींत ते नसते तर तेथेंहि तांबडी खूणच झाली असती. कारण न सांगतां केलेली खूण मुलाला एवढेंच शिकविते कीं बरोबर आणि चूक हीं दोन्ही मोठ्या माणसांच्या मर्जीवर अवलंबून आहेत.

मग करावें काय? तालुक्याच्या एका गांवीं गणित शिकविणाऱ्या एक बाई आमच्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या वर्गांत उत्तरपत्रिका मुलांच्या हातीं येते तेव्हां तिच्यावर आंकडा नसतो. जेथें पाऊल चुकलें त्या ओळीसमोर समासांत एक बारीक टिंब असतें, कोठें एखादें वाक्य असतें. गुण त्यांच्या वहींत असतात आणि ते दोन दिवसांनीं सांगितले जातात. मधल्या दिवशीं एक तास असतो. त्याला मुलें 'दुरुस्तीचा तास' म्हणतात. प्रत्येकानें आपले चुकलेले तीन प्रश्न निवडावयाचे आणि प्रत्येकाखालीं चार गोष्टी लिहावयाच्या: माझें उत्तर काय होतें, तें मला बरोबर कां वाटलें, योग्य उत्तर कसें येतें, आणि असा प्रश्न पुन्हा आला तर मी काय पाहीन.

या चोहोंत दुसरी गोष्ट सर्वांत अवघड. आरंभीं मुलें तेथें लिहीत, 'दुर्लक्ष झालें', 'घाई झाली', 'अभ्यास कमी पडला.' बाई ती ओळ खोडीत आणि म्हणत, "अरे, हें क्षमा मागणें झालें. मीं कारण विचारलें आहे." अपराध्याच्या भाषेची मुलांना इतकी संवय लागलेली असते कीं, आपली चूक ही सांगण्यासारखी हकीकत आहे हें त्यांना पटण्यास चार-सहा महिने जावे लागतात. एका मुलानें १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ केली होती. कां, या प्रश्नाखालीं त्यानें लिहिलें, 'गुणाकारांत वरचे वरच्याशीं आणि खालचे खालच्याशीं घेतों, तसेंच केलें.' कारण खरें होतें, आणि खरें कारण हातीं आलें कीं निम्मी वाट सरते. बाईंनीं त्याला जवळ बोलावून विचारलें, "तुझ्या पानांत अर्धी भाकरी आहे. त्यावर मीं आणखी एक तुकडा वाढला. आतां पानांत अर्धीहून जास्त आहे कीं कमी?" मुलानें आपल्या उत्तराकडे पाहिलें आणि तो हंसला; दोन पंचमांश अर्ध्याहून कमी होते. चौथ्या ओळींत त्यानें लिहिलें, 'बेरीज केल्यावर उत्तर पहिल्या संख्येपेक्षां मोठें झालें का तें पाहीन.' हें वाक्य कोणीं त्याला पाठ करावयास दिलें नव्हतें.

गुण दोन दिवस राखून कां ठेवतां, असें आम्हीं विचारलें तेव्हां बाई म्हणाल्या, "आंकडा दिसला कीं मूल पुढें वाचीतच नाहीं." त्यांचा हा अनुभव एकट्यांचा नव्हे. रूथ बटलर या विदुषींनीं इस्राएलमधील शाळांत केलेला एक प्रयोग १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं मुलांना त्यांच्या कामावर केवळ गुण दिले, कांहींना केवळ शेरे लिहून दिले, आणि कांहींना दोन्ही दिलीं. ज्यांना केवळ शेरे मिळाले त्यांचें पुढचें काम सुधारलें आणि त्यांची गोडीहि टिकली. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्या मुलांना शेऱ्यांचा कांहीं लाभ झालेला दिसला नाहीं. आंकड्यानें शब्दांना गिळून टाकलें होतें. याहून पुष्कळ आधीं, १९०७ सालीं रोममध्यें आपलें पहिलें बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसोरी यांनीं तर चूक दाखविण्याचें काम गुरूच्या हातून काढून वस्तूवरच सोंपविलें होतें. त्यांच्या साधनांत एक लांकडी ठोकळा असतो. त्यांत लहानमोठीं दहा भोकें आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. एक दट्ट्या भलत्या भोकांत गेला कीं शेवटीं एक बसेनासा होतो. मुलाला कोणी रागावत नाहीं. तें स्वतःच सगळे दट्टे काढून पुन्हा मांडूं लागतें. माँटेसोरीबाई १९३९ सालीं आपल्या देशांत आल्या. आणि मुलाला स्वतःच्या हातानें शिकूं देण्याचा हा विचार ताराबाई मोडक यांनीं बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेला. बालवर्गांत आपण जें मान्य केलें तें सातवी-आठवींत गेल्यावर विसरण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

या पद्धतीवर दोन आक्षेप येतात. पहिला गुणांचा. अमेरिकेंतील पुष्कळ शाळांत दुरुस्ती करून देणाऱ्या विद्यार्थ्यास गेलेल्या गुणांपैकीं कांहीं, कित्येकदां निम्मे, परत देण्याची चाल आहे. तसें केलें तर जिनें पहिल्याच वेळीं नीट उत्तर लिहिलें त्या मुलीवर अन्याय होत नाहीं काय? आणि गुण मिळतात म्हटल्यावर शेजाऱ्याची दुरुस्ती उतरून काढण्यास कितीसा वेळ लागणार? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुरुस्तीची मजुरी गुणांत देऊं नये असेंच आमचें मत आहे. बाई आठ दिवसांनीं त्याच जातीचा, पण निराळ्या आंकड्यांचा एक प्रश्न फळ्यावर लिहितात. तो ज्याला सुटला त्याची दुरुस्ती खरी. ज्याला सुटला नाहीं त्याच्या वहीवर त्या पुन्हा वाकतात. याहून निराळ्या बक्षिसाची मुलांना गरज लागलेली आम्हीं पाहिली नाहीं.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि संख्येचा. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागें एक शिक्षक असावा असें २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो; परंतु वरच्या इयत्तांत साठ-साठ मुलें दाटीनें बसलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. अशा ठिकाणीं प्रत्येकाची प्रत्येक चूक कोण वाचणार? म्हणूनच तीन प्रश्नांची मर्यादा. दोघां-दोघांनीं एकमेकांस कारण सांगावें, शिक्षकानें रोज वीस वह्या पाहाव्या, इतकें साठांच्या वर्गांतहि जमतें. त्याच कायद्यानें मूल्यमापन सर्वंकष आणि सातत्यपूर्ण असावें असें सांगितलें, आणि २०१० पासून 'आकारिक मूल्यमापन' हा शब्द महाराष्ट्राच्या शाळाशाळांतून रुजला. त्यामागची कल्पना हीच होती. पण कित्येक ठिकाणीं ती नोंदींचे रकाने भरण्यांत विरून गेली. पुढें २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी आणि आठवीच्या अखेरीस परीक्षा ठेवण्यांत आली. नापास झालेल्या मुलाला जादा शिकवणी देऊन निकालापासून दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधि द्यावी, अशी तींत तरतूद आहे. हे दोन महिने कशानें भरावयाचे, हा खरा प्रश्न आहे. तेंच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचावयाचें, कीं मुलाची स्वतःची उत्तरपत्रिका त्याच्यापुढें ठेवून आरंभ करावयाचा?

आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क तर आतां न्यायालयानेंहि मान्य केला आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वयें परीक्षार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहतां येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०११ मध्यें दिला. आमच्या पाहण्यांत मात्र शालान्त परीक्षेनंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागविणारीं कुटुंबें तींत एकच गोष्ट धुंडाळतात: कोठें अर्धा गुण द्यावयाचा राहिला आहे काय! तपासनीसाची चूक शोधण्यांत कांहीं गैर नाहीं. त्या अर्ध्या गुणावर पुढला प्रवेश अडलेला असूं शकतो. पण मुलाची चूक शोधण्यासाठीं तीच प्रत कोणीं पुन्हा वाचल्याचें आम्हीं अद्याप ऐकलेलें नाहीं.

येथें गोष्ट शाळेच्या हातून निघून घराच्या हातीं येते. आमच्या ओळखीच्या एका घरांत सहावींतल्या एका मुलीची भूगोलाची उत्तरपत्रिका पंधरा दिवसांनीं अंथरुणांच्या घडींत सांपडली. गुण फार कमी नव्हते. मोठ्या भावापेक्षां कमी होते, इतकेंच. वडिलांच्या 'किती मिळाले?' या प्रश्नाला तिनें 'अजून दिली नाहीं' असें उत्तर देऊन वेळ मारून नेली होती. पण आईला खोट्यापेक्षां दुसऱ्याच गोष्टीचें वाईट वाटलें. दिवसभर हें कां नि तें कां असें विचारून भंडावून सोडणारी मुलगी त्या पंधरवड्यांत गप्प झाली होती. प्रश्न विचारला तर आपलें अज्ञान उघडें पडेल, ही धास्ती तिच्या मनांत बसली होती. आमच्या मतें उत्तरपत्रिकेच्या रद्दीबरोबर घरांतून जें खरोखर जाऊं पाहतें तें हें: चुकीची लाज एकदां बसली कीं मूल आधीं कागद लपवितें, मग शंका लपवूं लागतें.

त्या आईचें स्वतःचें शिक्षण सातवींत थांबलेलें. ती रागावली नाहीं. तिनें ती पत्रिका उघडली आणि एका चुकलेल्या उत्तरावर बोट ठेवलें. मुलीनें लिहिलें होतें कीं, उन्हाळ्यांत पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून उकडतें. "अगं, मला तर हें बरोबरच वाटतें," आई म्हणाली. "तुझ्या बाईंनीं चूक कां म्हटलें? मला नीट समजावून सांग बघूं." मुलगी सांगूं लागली; चुलीजवळ गेलें कीं जास्त भाजतें, तसेंच हें. तेव्हां आईच्या मनांत एक साधी गोष्ट आली. "पण मग तुझी मेलबर्नची मावशी नाताळांत फोनवर म्हणते, इकडे फार उकडतें आहे, आणि आपण तर तेव्हां शाल पांघरून बसलेलीं असतों. तिच्यासाठीं पृथ्वी निराळी आहे का?" मुलगी थांबली. मग तिनें पुस्तक काढलें, गोल आणला, दिवा आणला. कललेला आंस, तिरपे पडणारे किरण, सगळें तिनें आईला समजावून दिलें. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या आरंभीं, म्हणजे आपल्या ऐन थंडींत असते, हें वाचून तर दोघींनाहि मोठी मौज वाटली. आईला उत्तर येत नव्हतें, म्हणूनच तें मुलीला शोधावें लागलें. आज ती मुलगी कॉलेजांत आहे. तो एक प्रश्न आपण जन्मांत विसरणार नाहीं असें ती म्हणते.

तिला तो प्रश्न इतका कां ठसला याचेंहि एक कारण आहे. स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या बटरफील्ड आणि मेटकाफ यांनीं २००१ सालीं एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट प्रसिद्ध केली. जें उत्तर माणूस मोठ्या खात्रीनें देतो आणि जें चुकीचें ठरतें, तें योग्य उत्तर समजल्यावर, बिचकत दिलेल्या चुकीच्या उत्तरापेक्षां अधिक सहज दुरुस्त होतें. खात्रीला बसलेला धक्का मनाला जागें करतो. म्हणजे ज्या चुकीची मुलाला सर्वांत अधिक लाज वाटते तीच बहुधा सर्वांत अधिक शिकवूं शकते. फक्त तो धक्का बसण्यापूर्वीं कागद अंथरुणांत जातां कामा नये.

यास्तव आमची सुशिक्षित कुटुंबांस एक विनंती आहे. मूल उत्तरपत्रिका घेऊन दारांत उभें राहिलें म्हणजे 'किती मिळाले?' हा प्रश्न टाळावा असें आम्ही म्हणत नाहीं. तो विचारल्यावांचून कोणत्याहि आईबापांस राहवणार नाहीं. तो दुसरा यावा. पहिला प्रश्न असावा, 'यांतलें कोणतें उत्तर तुला अगदीं बरोबर वाटलें होतें, आणि चुकलें?' मग जवळ बसून, 'तें बरोबर कां वाटलें?' असें विचारावें आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावें. हें गप्प राहणेंच मोठ्यांना जड जातें. एक साधी शंभरपानी वही घेऊन तींत मुलानें अशा थोड्या चुका, त्यांचीं कारणें आणि पुढें काय पाहावयाचें हें आपल्याच शब्दांत लिहीत जावें. ती वही शेजाऱ्यांना दाखवूं नये, भावंडांशीं तिची तुलना करूं नये, आणि तींत मोठ्यांनीं तांबडी शाई कदापि वापरूं नये. मार्च महिन्यांत, वार्षिक परीक्षेपूर्वीं, मुलानें ती एकदां पहिल्या पानापासून वाचावी. जून-जुलैंतल्या कित्येक चुका आतां आपल्या हातून होत नाहींत हें त्याला दिसेल. कांहीं अजून होतात हेंहि दिसेल, आणि त्या कोठें होतात हें ठाऊक असल्यामुळें त्यांची भीति उरणार नाहीं. असा हिशेब कोणत्याहि गुणपत्रिकेंत छापून येत नाहीं.